डब्यातला घोटा

आधीच सांगून टाकते. भूत, करणी, बाहेरचं... यातलं मी काहीही मानत नाही. आमच्या घरात आजोबांपासून देव्हारा नाही. कॉलेजात असताना सांधेदुखीवर मंतरलेलं तेल विकणाऱ्या एका बाबाविरुद्ध मी परळच्या नाक्यावर पत्रकं वाटली आणि त्याच्या माणसांची धक्काबुक्कीही खाल्ली. तेव्हा "बघा, शेवटी आलात ना आमच्यात" अशा कमेंट नकोत. मी कुठेही आलेली नाही. जे झालं ते मला समजत नाहीये, एवढंच.

पेशंट माझी आई. परळच्या चाळीत आम्ही दोघीच राहतो. फार पूर्वी जिन्यावरून पडून तिचा उजवा घोटा मोडला होता, पुढे तो झिजत गेला. एका खासगी हॉस्पिटलात कृत्रिम सांधा बसवला – वर धातू, खाली धातू, मधे प्लास्टिकची चकती. "आता पळाल," म्हणाले. पळणं सोडा, थोड्याच काळात सांधा हाडापासून सुटला. आई भिंत धरून मोरीपर्यंत जायची, आणि तेच डॉक्टर सांगायचे, "बाई, वजन कमी करा." म्हणजे माल यांचा, दोष हिच्या पोटाचा! शोधल्यावर तोच सांधा बसवलेली, तशीच फसलेली आणखी माणसं सापडली. सगळ्यांनी मिळून ग्राहक आयोगात तक्रार केली.

आईचं दुसरं ऑपरेशन दुसरीकडे झालं. फ्युजन. फसलेला सांधा काढायचा, कमरेच्या हाडाचा तुकडा मधे भरायचा, स्क्रू मारून घोटा कायमचा जाम करायचा. घोटा वाकत नाही, पण दुखतही नाही – सौदा असा.

काढलेला सांधा मी मागून घेतला.

"असं देत नाही हो आम्ही," सर्जन म्हणाले.

"मग देत नाही असं लेखी द्या."

दिला. निर्जंतुक करून, प्लास्टिकच्या डब्यात.

पुरावा कपाटात ठेवायचा असतो. पण आम्ही पत्रकवाली माणसं, हातात वस्तू आली की ती लोकांना दाखवल्याशिवाय चैन पडत नाही. मी तो डबा आमच्या संघटनेच्या सभांना न्यायला लागले. तिन्ही भाग एकमेकांत बसवायचे, वाकवून दाखवायचं, मग लोकांत फिरवायचा.

गिरगावातल्या सभेत दुपारी आईचा फोन आला.

"प्रज्ञा, माझा घोटा कोण वाकवतंय?"

"कोण वाकवणार? तो वाकतच नाही आता."

"ते मला नको शिकवू. आत्ता वाकला. सरळ झाला. हा बघ, परत."

मी मान वर केली. तिसऱ्या रांगेतले एक आजोबा सांधा डोळ्यांपाशी धरून वर-खाली करत होते.

"दुखतंय?"

"पहिल्यासारखंच. ते जायला म्हणून तर कापून घेतलं ना मी?"

एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, हाड एकजीव झालंय, वाकायला तिथे काही उरलेलंच नाही. पाय कापलेल्यांनाही पाय जाणवतो, मेंदूची सवय असते, जाईल. हे मला पटलं. जाणवणं पटलं... पण वेळ? "योगायोग," ते म्हणाले. हाच शब्द मी आजवर किती जणांच्या तोंडावर मारलाय!

शेजारच्या सुषमाकाकींना यात कोडं वगैरे काही दिसलं नाही. "अगो, तां घरात ठेव नको. समुद्रात सोडून ये."

"सोडते. आणि पुरावा काय बोंबलांनी खायचा?" आई म्हणाली.

मी सरळ चाचणी घ्यायची ठरवली. डबा वडाळ्याला रोहनकडे दिला. तो आमच्याच संघटनेतला, माझ्याहून कट्टर. त्यानं रविवारी मनात येईल तेव्हा सांधा जोडायचा, वाकवायचा, वेळ फोनमध्ये टिपायची, मला काही कळवायचं नाही. आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती "वाकला गं" म्हणाली की मी वेळ टिपायची.

संध्याकाळी फोनवर वेळा लावून पाहिल्या. जुळत गेल्या. मग माझ्याकडे एक जास्तीची निघाली आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं.

"दुपारची एक नोंद आहे बघ. तुझ्याकडे नाही."

"नाहीच. तेव्हा मी दही आणायला खाली गेलेलो."

मागून त्याच्या आईचा आवाज आला, "अरे, मी जरा जोडून बघितला. कसा बसतो ते."

त्यानंतर डबा कुणी उघडायचा नाही असं ठरलं. आईचा पाय शांत राहिला. आणि नेमकं तेव्हाच आयोगानं सांधा तपासणीला मागवला. लॅबमध्ये तो कापून बघणार होते. बाकी सगळ्यांचे सांधे अजून त्यांच्या पायातच. बाहेर आलेला हा एकच. दिला नाही तर केस लटकली.

"नको देऊ या," मी म्हटलं. नुसतं वाकवलं तर हिला एवढं दुखतं, कापल्यावर काय होईल?

"का? पत्रकात काय लिहितेस, सगळ्यांसाठी लढा. माझा घोटा आला की लढा संपला होय गं?"

"दुखलं तर?"

"दुखेल एकदा. त्यांचं रोज दुखतंय."

दिला. लॅबनं दिवस सांगायला नकार दिला, या आठवड्यात कधीतरी, म्हणाले. मी सुट्टी टाकून घरीच बसले.

एका दुपारी आई मेथी निवडत होती. मधेच हात थांबले. मी धावत जाऊन पाय धरला. काकी दारात उभ्या.

"दुखतंय?"

"थांब जरा." डोळे मिटून ती काहीतरी ऐकल्यासारखी बसून राहिली. "नाही. गार लागतंय. पाणी सोडलंय कुणीतरी त्याच्यावर... सारखं वाहतंय."

पाय माझ्या हातात होता. कोरडा, नेहमीसारखा ऊबदार. थोड्या वेळानं ती म्हणाली, "थांबलं," आणि पुन्हा मेथी घेतली.

मी लॅबला फोन लावला. हो, आत्ताच कापून झाला.

"कापताना पाणी लागतं का?"

"लागतं ना. धातू तापू नये म्हणून सतत धार सोडावी लागते. का?"

मी "सहज" म्हणून फोन ठेवला.

लॅबच्या अहवालात हाड ज्याला धरतं तो धातूचा पृष्ठभागच सदोष निघाला. केस उभी राहिली. आई आता जिना तिरकी होऊन, सावकाश, पण न दुखता उतरते. त्या दुपारनंतर घोटा एकदाही वाकलेला नाही.

कापताना पाणी सोडतात हे तिला कुणी सांगितलं? मी नाही. मलाच माहीत नव्हतं. डॉक्टरांना विचारलं, रोहनशी भांडून झालं, जे मिळालं ते वाचलं. उत्तर नाही. काकींचं उत्तर मला नको. आई म्हणते, "शोधत राहा. सापडलं तर मला आधी सांग, पाय माझा आहे."