गडमुडशिंगीवरून गेलेली सावली

त्या दगडाला नाव नाही, पाच आकडी क्रमांक आहे. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात असे लाखो दगड सूर्याभोवती फिरत असतात, त्यातला हा एक. खडकाळ जातीचा, रुंदीला साधारण सात किलोमीटर. म्हणजे कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या माझ्या गच्चीपासून गडमुडशिंगीतल्या माझ्या सासुरवाडीपर्यंत. आमच्याकडच्या दुर्बिणीतून तो दिसत नाही. कधीच दिसणार नाही.

पण असा दगड एखाद्या ताऱ्यासमोरून गेला की तारा क्षणभर विझतो. लांबच्या दिव्यासमोरून वटवाघूळ गेलं की होतं तसं. हे विझणं सगळ्या गावांतून दिसत नाही. दगडाची सावली पृथ्वीवर त्याच्याच रुंदीचा पट्टा ओढत जाते. पट्ट्यातल्या माणसाला तारा गेलेला दिसतो, बाहेरच्याला दिसत नाही. वेगवेगळ्या जागांवरून वेळा नोंदवल्या की त्या दगडाचं माप निघतं. बाहेरच्याचं ‘दिसलं नाही’ हेसुद्धा कामाचं, कारण त्यावरून दगडाची कड ठरते. हे मला पहिल्याच वाचनात पटलं. मी फाउंड्रीत तपासणीला आहे. आमच्याकडे पास झालेलं कास्टिंग आणि रिजेक्ट झालेलं कास्टिंग, दोन्हींची नोंद एकाच शाईने होते.

तीन वर्षं आम्ही हे करत होतो. आम्ही म्हणजे मी आणि बायको. सुरुवातीला ती बॅटरी धरायला गच्चीवर यायची. पुढे दुर्बीण लावण्यात ती माझ्यापेक्षा तरबेज झाली. माझा हात थंडीत थरथरतो, तिचा थरथरत नाही. चार वेळा प्रयत्न केला. दोनदा ढग आले, दोनदा सावली चुकली. तिने कधी कुरकुर केली नाही.

गेल्या फेब्रुवारीत सावलीचा पट्टा थेट आमच्या भागातून तिरका जाणार होता. अंदाज चार-पाच किलोमीटरने इकडेतिकडे होऊ शकतो, म्हणून तीन जागा धरल्या. मंगळवार पेठेत मी, गडमुडशिंगीला माहेरच्या गच्चीवर ती, आणि कागलला तिचा धाकटा भाऊ. मेहुण्याचा दुधाचा धंदा आहे, गावच्या तालीम मंडळात त्याचा शब्द चालतो, आणि आवाज असा की फोन कानापासून हातभर लांब धरावा लागतो. त्याला मी जागा ठरवून दिली होती: कागलच्या अलीकडे, उघड्या माळावर. तो तिथे गेला नाही. मित्राच्या गुऱ्हाळावर गेला.

का, तर तिथे मटणाचा बेत होता. “दाजी, तारा बघायचा म्हंजे उपाशी बघायचा व्हय?” असं तो नंतर म्हणाला.

संध्याकाळी पावणेआठच्या सुमाराची वेळ होती. मी डोळा लावून बसलो. तारा हलला नाही, विझला नाही. आमच्यावरून सावली गेली नव्हती. मी तसं लिहिलं आणि झाकण लावतोय तोच बायकोचा फोन.

“अहो, गेला.”

“काय?”

“तारा. गेला आन् आला. क्यामेऱ्यात हाय. तीनदा मागं नेऊन बघितलं.”

तिचा आवाज इतका हळू होता की मला वाटलं कुणी झोपलेलं असावं शेजारी. तारा गेला होता चार दशांश सेकंद. सावलीचा वेग सेकंदाला पंधरा किलोमीटर. गुणाकार केला तर सहा. सात किलोमीटरच्या दगडाच्या जवळजवळ मधून तिने काप घेतला होता. मी गच्चीवर एकटाच हसलो.

मग मेहुण्याचा फोन. “दाजी! गेला की ओ तारा! मी सांगतो तुमाला, चांगला गेलता!”

“किती वेळ?”

“दोन-तीन सेकंद. तीनच धरा.”

“रेकॉर्डिंग?”

“ते ऱ्हायलं. मोबाईल फुल्ल झालता.”

तीन सेकंद म्हणजे पंचेचाळीस किलोमीटर. कोल्हापूरहून निपाणी ओलांडून पुढे. एवढा दगड असता तर मंगळवार पेठच काय, सगळा करवीर तालुका सावलीत आला असता. मी दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून त्या गुऱ्हाळावर गेलो. तारा जिथे होता त्या दिशेला, दुर्बीण लावली होती तिथून वीस पावलांवर, चुलवाणाची चिमणी होती. माझ्यासमोर गड्याने चुलीत चिपाडं लोटली आणि काळा लोट वर गेला, तीन-चार सेकंद रेंगाळला, पांगला. मी मेहुण्याला दाखवलं.

“धूर मला कळत न्हाय व्हय दाजी? जल्म गेला माझा गुऱ्हाळात.”

तोपर्यंत त्याला राग नव्हता. हसतच होता. चूक होती, आणि चुकीचं मला काही वाटत नाही. चुका रोजच हातात येतात. पण मंडळातल्या कुणीतरी मोबाईलवर वाचलं की लांबच्या दोन जागांवरून तारा वेगवेगळा विझला तर त्या दगडाला चंद्र असू शकतो. हे खरं आहे. अशा दगडांना कधीकधी बारका चंद्र असतो. झालं. रविवारी गडमुडशिंगीच्या चौकात फ्लेक्स लागला: ‘लघुग्रहाच्या चंद्राचा शोध लावणाऱ्या गावच्या सुपुत्राचे हार्दिक अभिनंदन’. काळा गॉगल लावलेला मेहुणा, मागे शनीची कडी. खाली मंडळाच्या एकोणीस जणांचे फोटो. बायकोचा नव्हता.

सात किलोमीटरच्या दगडाला पंचेचाळीस किलोमीटरचा चंद्र. म्हशीपेक्षा रेडकू मोठं. मंडळाने मेहुण्याचा सत्कार ठेवला, त्या दिवशी मी हे बोललोही. फेटा बांधून, शाल पांघरून तो बसला होता. त्याने नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

“आक्काला दिसलं,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “मला दिसलं. दाजींना तेवढं दिसलं न्हाय. मग सांगा पावणं, आंधळं कोण?”

सगळे हसले. बायको बायकांमध्ये बसली होती. ती हसली नाही, पण मान वरही केली नाही.

अशी निरीक्षणं जगभरातून एका यादीत गोळा होतात, तिथे ती पाठवायची असतात. बायकोचं ‘दिसलं’, व्हिडिओसह, आणि माझं ‘दिसलं नाही’, असा मी दोन नोंदींचा अहवाल तयार केला. मेहुण्याला कळलं. तो घरी आला. चहा घेतला नाही.

“धाडायचं तर तिन्ही धाडा. न्हायतर आमच्या घरातलं एकबी नको.”

“तुझ्याकडे पुरावा नाही. आणि समोर चिमणी होती.”

“पुरावा गेला खड्ड्यात. पेपरात आलंय. उद्या पोरं ती यादी उघडून बघतील, आक्काचं हाय आन् माझं न्हाय. मी चौकात कसा हिंडू?”

“धूर होता असं सांग. लोक विसरतील.”

“गावात ऱ्हायलाय का कधी?” असं म्हणून तो उठला. दारात चपला घालताना बहिणीकडे न बघता म्हणाला, “आक्का, जत्रा जवळ आलीया. बघ तूच.”

आमच्याकडे जत्रेचं आवतण भावाने स्वतः येऊन द्यायचं असतं. आमचं लग्न झाल्यापासून तो दरवर्षी आला आहे. एकदा तापात असताना आला होता. त्याने बोलावल्याशिवाय लेकीने जत्रेला जायचं नाही, आणि ज्या लेकीला आवतण नाही तिचं माहेर तुटलं असंच गाव धरून चालतं. तो आठवडा गेला. कुणी आलं नाही. बायको फाटक वाजलं की स्वयंपाकघरातून बाहेर डोकावायची. दूधवाला असायचा, नाहीतर कुरिअरवाला.

मग एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली, “माझं काढून टाका त्यातनं.”

“काय काढू? ते खरं आहे.”

“खरं हाय म्हणूनच सांगतीया. तुमी त्याचं खोटं धाडणार न्हाई, ते मला ठावं हाय. मग माझं खरंबी नको. दोन्ही नसली म्हंजे कोण खोटं ठरत न्हाई.”

“आणि तो दगड?”

“दगडाला काय हुतंय? तो गेला की.” तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. “मला माहेर एकच हाय.”

मी तिला सांगितलं की तिची नोंद असेल तरच माझी कामाची. तिने सावलीच्या आतून बघितलं म्हणून माझी गच्ची ही कड ठरते. ती नसेल तर माझ्या म्हणण्याचा अर्थ एवढाच, की दगड मंगळवार पेठेवरून गेला नाही. तो तर पंढरपूरवरून, पुण्यावरूनही गेला नाही. तिने सगळं ऐकलं. माझ्याइतकंच तिलाही ते कळत होतं. नोंद तिची होती. तिने नको म्हटल्यावर ती पाठवण्याचा मला हक्क नव्हता. मी फक्त माझी पाठवली. तिने मेहुण्याला काय कळवलं ते मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी तो आवतण घेऊन आला. त्या वेळी चहा घेतला.

जत्रेला आम्ही गेलो. फ्लेक्स उन्हाने फिका पडला होता, तरी गॉगल काळाच होता. मेहुण्याने स्वतः मटण वाढलं. “दाजी, नळी घ्या,” म्हणाला, आणि सगळ्यात चांगली नळी माझ्या ताटात टाकली. मी खाल्ली. पलीकडच्या पंगतीत कुणीतरी वहिनी बायकोला विचारत होत्या, “तुमीबी बघता म्हणं दुर्बिणीतनं? तुमाला दिसलंतं का काय?”

“न्हाई बाई,” ती म्हणाली. “मला कुठलं दिसतंय.”

त्यानंतर ती गच्चीवर आलेली नाही. पट्टा जवळून जाणार असला की मी सांगतो, ती हो म्हणते आणि मग काहीतरी काम निघतं. तिची दुर्बीण जिन्याखाली आहे. तिच्यावर तिने जुनं लुगडं व्यवस्थित टाकलंय, धूळ बसू नये म्हणून.

ती यादी जगात कुणालाही उघडून बघता येते. मेहुण्याच्या गावातल्या पोरांनी उघडली असेल असं मला वाटत नाही. त्या दगडाच्या क्रमांकासमोर कोल्हापूरची एकच ओळ आहे. मंगळवार पेठ, आकाश निरभ्र, दिसलं नाही.