जिंतूर त्रेपन्न

परभणी स्टेशनावर उतरलो तेव्हा सकाळचं ऊनही चटकायला लागलं होतं. बरोबर आई, एक पिशवी आणि एक टेलिफोन नंबर: जिंतूर त्रेपन्न. दिगूमामाच्या कंपनीचा.

मामा आईचा धाकटा भाऊ. तरुणपणी नगरकडचं गाव सोडून तो इकडे आला. 'कंपनीत लागलोय' असं कळवून त्यानं एक फोटो धाडला होता. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, ताठ मिशा. भाऊ मोठा अधिकारी झाला, असं आईनं गावभर सांगितलं. पुढे माझ्या बहिणीच्या लग्नाला 'सुट्टी नाही' म्हणून तो आला नाही, आणि आईनं बोलणं टाकलं. ते टाकलेलंच राहिलं. मग तो गेल्याची तार आली. पाठवणाऱ्याचं नाव धड वाचता येत नव्हतं.

"तो कुठं बसत होता तेवढं तरी बघू दे मला," आई म्हणाली.

जिंतूरच्या बसमध्ये विद्यापीठाचं नाव बदलण्यावरून दोघांचं कडाक्याचं भांडण चाललं होतं. उतरून टपाल कचेरीत गेलो, तर तिथं कळलं की गावातले नंबरही बदललेत. "जुन्याच्या म्होरं दोन लावा," खिडकीतला माणूस म्हणाला आणि दोनशे त्रेपन्नचा पत्ताही त्यानं सांगितला.

तो पत्ता निघाला बाळंतपणाच्या दवाखान्याचा.

"कितवा महिना?" नर्सनं मान वर न करता विचारलं.

"दिगंबररावांचं ऑफिस शोधतोय. अधिकारी होते."

"इथं गडीमाणूस कामाला न्हाई. पेशंट कुठं हाय?"

दमलेली आई तेवढ्यात बाकावर टेकली. नर्सनं तिच्याकडं निरखून पाहिलं. "मावशी, तुमी?"

बाकावरच्या बायका पदराआड हसायला लागल्या. त्यांच्यातली एक म्हातारी म्हणाली, "आवो, त्रेपन नंबर पहिला मोंढ्यात आप्पांच्या धान्याच्या दुकानावर व्हता. तिथं जावा."

आप्पा गादीवर बसले होते. "नंबर आमचाच व्हता, मागं दवाखान्याला गेला. पण दिगू आमच्याकडं कामाला नव्हता. त्याचा फोन आला की मी हाक मारायचो. त्यो समोर, कंपनीत."

समोरच्या खोलीवर पाटी होती: बँड कंपनी. आत खुंट्यांवर ओळीनं लाल कोट टांगलेले.

आम्ही कोण ते कळल्यावर बँडमास्तरांनी आईला वाकून नमस्कार केला. "तार मीच धाडली, ताई. दिगूभाऊ म्हंजी आमची शान. असली मिशी उभ्या तालुक्यात न्हाई. कायम पुढच्या रांगेत उभं करायचो."

"काय वाजवायचा?"

मास्तर घुटमळले. "वाजवत नव्हते, ताई. ताफा मोठा दिसावा लागतो. ते नुस्ता कर्णा धरून गाल फुगवायचे. एक सूर कधी काढला न्हाई. पण गाल लय झ्याक फुगवायचे, बक्षिसी त्यांनाच मिळायची."

आईनं टांगलेल्या कोटांवरून नजर फिरवली. मग म्हणाली, "आणि सुट्टी? माझ्या पोरीच्या लग्नाला?"

"लग्नसराईत सुट्टी कशी देऊ? त्या दिवशी आमी चारठाण्याला वाजवायला व्हतो. त्यांचे गालच फुगेनात. नवऱ्याचा बाप इचारायलाय, ह्यो का रडायलाय?"

आईनं एका कोटाची झालर हातात घेतली आणि तशीच उभी राहिली.

आम्ही निघालो तर मास्तर ऐकेनात. "दिगूभाऊच्या बहिणीला मुकाट कसं लावून द्यायचं?" सगळा ताफा कोट चढवून स्टँडपर्यंत वाजवत आला. दुकानदार बाहेर आले, बसच्या खिडक्यांतून डोकी निघाली. कंडक्टरनं वाकून विचारलं, "नवरी कुठंय?"

"मीच की," आई म्हणाली आणि पदर सावरत पायऱ्या चढली.

वाटेतलं झरी गाव येईपर्यंत ती हसत होती. मग खिडकीकडं तोंड करून रडायला लागली. तार आल्यापासून ती रडली नव्हती. भावावर धरायला तिच्याकडं आता राग उरला नव्हता, आणि रागाशिवाय तो गेलेला तिला पहिल्यांदाच दिसत असावा.