तारेवरून जाणारी वाट

हातात एक दगड दिल्याशिवाय तांबेबाई कोणालाही डोंगर चढू देत नसत. पोलादपूरच्या पुढे आंबेनळीच्या रस्त्यावर एसटीतून उतरले की फाट्यावर त्या उभ्याच असत. पायात कॅनव्हासचे बूट, पदर कमरेला खोचलेला, डोक्यावर सुती टोपी आणि पुढ्यात मुठीएवढ्या दगडांची रास. महाडच्या आमच्या निवृत्तांच्या मंडळाची ती पहिलीच डोंगरवारी होती. बाकीच्यांनी मुकाट्याने एकेक दगड उचलला. हे ओझे मी कोणत्या नियमान्वये वाहावे, अशी पृच्छा मी केली. बाईंनी मला बुटांपासून टोपीपर्यंत न्याहाळले.

"कोर्टात होता का?"

मी दिवाणी न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो होतो. तसे मी सांगितले.

"मग तुम्ही दोन घ्या," त्या म्हणाल्या.

तांबेबाई सरकारी आरोग्यसेवेत नर्स होत्या. लसींचा थंड डबा पाठीला बांधून त्यांनी नोकरीची सारी वर्षे या डोंगरातील वाड्या पालथ्या घातल्या. निवृत्त होऊन महाडच्या बौद्धवाडीतील घरी आल्या, पण पाय घरात ठरेनात. म्हणून दर रविवारी जो कोणी येईल त्याला घेऊन त्या वरच्या तळ्याकडे निघत. कधी आम्ही निवृत्त, कधी वीर रेल्वे स्थानकावर उतरून रिक्षाने आलेली मुंबईची मंडळी, तर कधी त्यांच्याच जुन्या बाळंतिणींची आता मोठी झालेली मुले. मी नाते या माझ्या गावाहून पहाटेची गाडी पकडून महाडला येई. माझ्या पिशवीत नेहमी एखादा लिहून तयार असलेला अर्ज असे. बंद पडलेले पथदिवे, उघडी गटारे, उशिरा येणारे टपाल. अर्ज करण्याजोग्या गोष्टींची या देशात वाण नाही. बाईंनी माझे नाव "अर्जदार" असे ठेवले. गाडीतून उतरलो की पहिला प्रश्न ठरलेला असे, "काय अर्जदार, आज कोणावर?"

फाट्यापासून चढून गेले की एक खिंड लागते. खिंडीपलीकडे डोंगराने ओंजळ करून पाणी धरावे तसे ते तळे आहे. भोवती काळे कातळकडे, मधे हिरवे पाणी आणि पावसाळा ओसरला की काठाने सोनकीच्या फुलांचा पिवळा पट्टा. तळ्याच्या पैलतीरावर वाडी आहे. वाडीला जायला तीन वाटा, आणि तिन्हींना बाईंनी आपली नावे दिलेली. पाण्याकाठची सपाट वाट ती "बाळंतिणीची", कारण अडलेल्या बाईला डोलीत घालून खाली आणायचे ते तिनेच. कारवीच्या रानातून जाणारी मधली वाट "लसीची", कारण तिच्यावर सावली असते आणि डबा थंड राहतो. तिसरी सरळ कड्यावरून जाते. कातळात जुन्या खोबण्या आहेत, त्यांत हातापायांची बोटे रोवून चढावे लागते. ती "हट्टाची".

मला त्यांनी पहिल्याच दिवशी हट्टाच्या वाटेवर घातले. अर्ध्या कड्यावर मला पुढची खोबण सापडेना आणि मी तेथेच थांबलो. खालून बाईंचा आवाज आला, "दोन हात, दोन पाय. एका वेळी एकच हलवायचं, अर्जदार. बाकीच्या तिघांची तक्रार वर गेल्यावर ऐकून घेऊ." मी वर पोहोचलो. पायाखाली सगळे तळे उघडे पडले होते आणि त्यात कडा उलटा उभा होता. त्या वेळी मी मोठ्याने हसलो, असे आमच्या मंडळातील लोक सांगतात. साक्षीदार अनेक असल्यामुळे मला ते मान्य करावे लागते.

आता दगडाविषयी. खिंडीत शेंदूर लावलेली देवीची एक शिळा आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याने तिच्यापुढे एक दगड ठेवायचा, अशी वाडीची जुनी रीत. बाई बुद्धविहारात नेमाने जाणाऱ्या. हे आपल्या विचारांत कसे बसते, असे मी त्यांना एकदा थोड्या उर्मटपणे विचारले. त्या रागावल्या नाहीत. "मी देवीला नाय ठेवत हो. वाटेला ठेवते. मागनं येणाऱ्याला कळतं, आपल्या पुढे कोणीतरी गेलंय. एकट्या बाईला डोंगरात तेवढं पुरतं."

पुढच्या हिवाळ्यात तळ्याकाठची जमीन शहरातील एका गृहस्थांनी विकत घेतली आणि खिंडीत, त्या शिळेला अगदी खेटून, या कड्यापासून त्या कड्यापर्यंत काटेरी तार ओढली. मधे एक फाटक, फाटकाला कुलूप, आणि कुलपाची किल्ली पोलादपूरला राहणाऱ्या त्यांच्या व्यवस्थापकाच्या खिशात. वाडीतील बायका तारांमधून वाकून जाऊ लागल्या. लुगडी फाटत, पाठी खरचटत. भागाबाई नावाच्या वाडीतील वयस्क बाईंची सून तेव्हा गरोदर होती. भागाबाई एका रविवारी तारेपलीकडे उभ्या राहून तांबेबाईंना म्हणाल्या, "डोली कशी गो न्यायची बाय? तारेवरनं का कड्यावरनं?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पिढ्यानपिढ्यांच्या वहिवाटीची वाट अडविणे हे कायद्याच्या मुळावरच घाव घालणे आहे. मी त्याच रात्री तहसीलदारांना पहिला अर्ज लिहिला, मग स्मरणपत्र, मग तीव्र स्मरणपत्र. आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठविण्यात आला आहे, असे उत्तर आले. या वाक्याइतके संतापजनक वाक्य मराठी भाषेत दुसरे नाही. मी त्या वाक्याविरुद्धही अर्ज केला.

तांबेबाईंनी काहीच लिहिले नाही. त्यांनी फक्त रविवारच्या मंडळींना सांगायला सुरुवात केली की दगड आता शिळेपुढे नको, तारेला टेकवून ठेवायचा. जाताना या बाजूने, येताना त्या बाजूने. वाडीनेही तेच धरले. होळीला मुंबईचे चाकरमानी आले, त्यांनी तर हौसेने मोठाले धोंडे आणले. तारेच्या दोन्ही अंगांनी रास चढत गेली. आधी खालची तार दिसेनाशी झाली, मग मधली.

मी हबकलो. प्रकरण एकदाचे पाहणीच्या टप्प्यावर आलेले असताना हा प्रकार म्हणजे दुसऱ्याच्या कुंपणाला उपद्रव ठरला असता आणि आमचीच बाजू लंगडी पडली असती. मी बाईंना रीतसर पत्र पाठवून सदर कृती तत्काळ थांबविण्यास कळविले. दोन दिवसांनी नात्याला येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरने वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुडी माझ्या हाती ठेवली. आत एक दगड होता. चिठ्ठी नव्हती. मी तो पोच म्हणून ठेवून घेतला आणि टेबलावरच्या अर्जांवर वजन म्हणून वापरू लागलो.

पाहणीचा दिवस उजाडला. तहसील कार्यालयातून आलेले अधिकारी मध्यमवयीन, मितभाषी होते. खिंडीत अर्धी वाडी जमली होती. व्यवस्थापकाने ठासून सांगितले की इथून कोणाचेही येणे-जाणे नाही, कधी नव्हतेच. मी फाइल उघडून वहिवाटीच्या हक्काची मांडणी सुरू केली. अधिकारी ऐकत होते, पण नजर त्या राशीवर होती. आता ती वरच्या तारेच्याही वर गेली होती आणि दोन्ही बाजूंनी चांगली जिन्यासारखी उतरत होती.

"हे काय आहे?" त्यांनी विचारले.

तांबेबाई शांतपणे म्हणाल्या, "माणसं आहेत, साहेब. जेवढी गेली तेवढी."

हे सगळे एका दिवसात आणून टाकले आहे, असे व्यवस्थापक ओरडला आणि साक्षीसाठी त्याने आपल्या रखवालदाराला पुढे केले. रखवालदार वाडीचाच गृहस्थ. तो खाली बघत म्हणाला, "एका दिवसात नाय साहेब. त्यातला रोजचा एक माझाच हाय. किल्ली ह्यांच्या खिशात असते, मी घरी जाऊ कुठनं?"

खिंडीत जो हशा उसळला तो तळ्यापलीकडच्या कड्यावर आपटून परत आला. अधिकारी हसले नाहीत. ते वाकले, पायाजवळचा एक दगड त्यांनी उचलला, राशीवर ठेवला आणि तिच्यावरूनच पाय टाकत तारेपलीकडे उतरले. त्यांचे गावही कुठल्या तरी घाटमाथ्यावरचे असावे. माझी फाइल उघडीच राहिली.

वाट मोकळी करण्याचा हुकूम झाला. खांब निघाले, तार गुंडाळली गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी भागाबाईंच्या सुनेची डोली बाळंतिणीच्या वाटेने खाली आली. योगायोगाने रविवार होता, आम्ही सगळे तेथेच होतो. खिंडीत आल्यावर डोलीवाले सवयीने दगडासाठी थबकले. त्या एकाच प्रसंगी मी तांबेबाईंना चिडलेले पाहिले. "चला रे," त्या गरजल्या, "आधी बाई, मग वाट. येताना दोन-दोन ठेवा." मुलगी झाली. परतताना डोलीवाल्यांनी दोन-दोन ठेवले. मी तीन ठेवले. एक माझा, एक मुलीचा आणि एक मी बाईंना पाठविलेले ते पत्र मागे घेतल्याबद्दल.

गेल्या वर्षी तांबेबाई अल्पशा आजाराने गेल्या. आदल्या आठवड्यात मी भेटायला गेलो, तेव्हा उशीला टेकून त्यांनी विचारले, "काय अर्जदार, आज कोणावर?" मी म्हणालो, आज कोणावरच नाही. त्या म्हणाल्या, "मग तब्येत दाखवून घ्या."

त्या गेल्यानंतरच्या रविवारी आम्ही तळ्यावर गेलो. फाट्यावर कोणी दगड देणारे नव्हते. मी टेबलावरचा दगड पिशवीत घालून नेला होता. माझे अर्ज आता खिडकीच्या वाऱ्याने खोलीभर उडतात, ते उडोत.

रास अजून खिंडीत आहे. दोन्ही बाजूंना तार राहिलेली नाही, त्यामुळे ती आता वाटेच्या ऐन मध्यावर येते. प्रत्येकाला तिला वळसा घालून जावे लागते, आणि दर रविवारी ती वाढते आहे. कायद्याच्या काटेकोर नजरेने पाहिले, तर सार्वजनिक वाटेवरील तो उघड अडथळा आहे. त्याविरुद्ध मी अद्याप कोठेही अर्ज केलेला नाही.