कापलेली अकरा मिनिटं

आमच्या परळीतला टीव्ही मेकॅनिक यासीन जन्मभर सेन्सॉरला शिव्या घालत आला. "कापायला सिनेमा तुमच्या बापाचा हाय का बे?" म्हणायचा.

एका जुन्या पोलिश सिनेमाची नवी, दुरुस्त केलेली डीव्हीडी त्यानं मागवली. दोन टीव्ही शेजारी लावून घरातली जुनी अन् नवी ताडून पाहिली. जुनीत आई शेवटपर्यंत पोराची वाट बघते. नवीत सेन्सॉरनं कापलेली अकरा मिनिटं परत आलती. त्यात पोराला गोळी घालतात.

यासीनचा पोरगा साजिद सहा वर्षांपासून बेपत्ता हाय. त्याची आई गौसिया अजून दाराला कडी लावू देत न्हाई. जुनी डीव्हीडी तिनं लई वेळा पाहिलेली.

"नवीत येतो का ओ पोरगा घरी?" तिनं विचारलं.

यासीननं दोन्ही टीव्ही बंद केले.

"तेवढं नवीतबी कापलंय," म्हणाला.