डक्टमधला साहेब

त्या वर्षी माझ्या दोन मुलाखती गेल्या होत्या. उत्तरं पाठ असायची, साहेब समोर असायचे, प्रश्नही पाठ केलेलेच यायचे, आणि नेमका तेव्हा माझा घसा बंद व्हायचा. पहिल्या ठिकाणी साहेबांनी माझ्यासाठी पाणी मागवलं. दुसऱ्या ठिकाणच्या साहेबांनी अर्ज चाळून विचारलं, "इंग्लिश मीडियमची ना तू?" मी मान हलवली. पुढच्या तीनही प्रश्नांना मी मानच हलवली.

तिसरी मुलाखत महाप्याच्या एका कंपनीत होती. हातात तीन आठवडे होते. या वेळीही जमलं नाही तर काकूने आणलेलं पुण्याचं स्थळ बघायचं, असं घरात ठरलं होतं.

"तिथे एक बरंय," आई म्हणाली, "बघायच्या कार्यक्रमात मुलगी बोलली नाही तरी चालतं."

आम्ही नवी मुंबईत, सीवूड्सला राहायचो. बिल्डिंग चार मजल्यांची, लिफ्ट नाही, पलीकडे खाडी आणि तिवरं. आमचं घर चौथ्या मजल्यावर, त्यात एकान्त असा फक्त कपाटाच्या आत. म्हणून मी रोज संध्याकाळी गच्चीवर जायचे. पाण्याच्या टाकीमागे, समोरच्या बिल्डिंगमधून दिसणार नाही अशा कोपऱ्यात बसून मी मुलाखतीची तयारी करायचे. मुलाखतीचं एक गाइड आणलं होतं, त्यात शंभर प्रश्न होते. साहेबही मीच आणि उमेदवारही मीच. गंमत अशी, की साहेब झाले की माझा आवाज जाडजूड, खणखणीत निघायचा. "टेल मी अबाउट युवरसेल्फ!" आणि उत्तर द्यायची वेळ आली की ओठांतल्या ओठांत पुटपुट.

टाकीला लागूनच डक्ट होता. डक्ट म्हणजे सगळ्या मजल्यांच्या बाथरूमच्या खिडक्या जिच्यात उघडतात ती उभी पोकळी. त्यावर नुसती जाळी. आमच्याकडे पाणी संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा यायचं, म्हणजे त्या एका तासात झाडून सगळी बिल्डिंग बाथरूममध्ये असायची. कुणी बादल्या भरायला, कुणी अंघोळीला. इतकं साधं गणित माझ्या लक्षात आलं नाही.

पहिली बातमी आईनेच आणली. "दुसऱ्या मजल्यावरची चाची पाणी भरत होती, तर वरून आवाज आला म्हणे. पुरुषाचा. इंग्रजीत."

"काय म्हणाला?" बाबांनी पेपरातून विचारलं.

"व्हॉट आर युवर वीकनेसेस."

बाबांनी पेपर खाली ठेवला. त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं. पण जिला चार वाक्यं बोलता येत नाहीत म्हणून जी गच्चीवर जाते, तिला ती का जाते हे सांगायला चाळीस वाक्यं लागली असती. मी हातातला चहा पिऊन टाकला.

आठवड्याभरात तो आवाज सगळ्यांनी ऐकला होता. फक्त प्रश्न ऐकू जायचे, उत्तरं नाहीत. अंघोळ करताना, अंगावर साबण असताना कुणीतरी गंभीर आवाजात "व्हेअर डू यू सी युवरसेल्फ इन फाइव्ह इयर्स?" असं विचारतं म्हणजे काय, याची मला नंतर कल्पना आली. पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ बाथरूममध्ये लपून सिगरेट ओढायचे, त्यांनी सिगरेट सोडली.

आता हा कोण, यावर जिन्यात चर्चा सुरू झाली. पहिल्या मजल्यावर मालवणकडच्या एक आजी होत्या. त्यांना काहीच शंका नव्हती. "राखणदार आसा तो. बिल्डिंग बांधलास, जागेवाल्याक नारळ दिलास?"

"आजी, राखणदार इंग्रजीत कसा बोलेल?" सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले. ते साताऱ्याकडचे, बँकेत होते, आणि त्यांना प्रत्येक गोष्टीचं कारण लागायचं.

"सगळी बिल्डिंग इंग्रजी फाडता. आयकान आयकान तो शिकलो आसतलो."

चाची श्रीवर्धनकडच्या. त्या म्हणाल्या, जिन्नांना सगळ्या भाषा येतात, यात नवल ते काय. सेक्रेटरींचं स्वतःचं मत, हा कुणीतरी मेलेला गोरा साहेब असावा. ते ऐकून शेजारच्या करावे गावातून मासे घेऊन येणारी मावशी जिन्यातच टोपली टेकवून हसली. "गोरा? यो सगला आमचा भात होता, तिकरं मिठागर. कोन गोरा येतंय चिखलान मराला?"

मी कठड्याला टेकून ऐकत उभी राहायचे. गप्प मुलीसमोर लोक काहीही बोलतात. माझ्या लक्षात आलं, की आमच्या बिल्डिंगीत कुणीच मूळचं इथलं नाही, म्हणून प्रत्येकाने भूतसुद्धा आपापल्या गावाहून आणलं आहे, लोणच्याच्या बरणीसारखं. फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना गावच नव्हतं. जन्म परळच्या चाळीत, नोकरी केमिकल कंपनीत, आता रिटायर; बायको नाही, मुलगा मस्कतला. त्यांना थेट दुसऱ्या ग्रहावरून मागवावं लागलं.

"उडती तबकडी," काका म्हणाले. "खाडीवर मी लाइट पाहिलाय. तुमचं भूत कधी प्रश्न विचारतं का? भूत मागतं. कोंबडी माग, नारळ माग. प्रश्न कोण विचारतं? ज्याला माहिती गोळा करायची असते तो."

"पण विचारतात काय?"

"काल विचारलं, व्हाय शुड वी सिलेक्ट यू." काकांनी आवाज खाली आणला. "सिलेक्शन चाललंय."

मी दोन दिवस गच्चीवर गेले नाही. तर आजी म्हणाल्या, तो रागावला. मुलाखत आठवड्यावर आली होती. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा टाकीमागे बसले, डक्टकडे पाठ करून, आवाज अगदी बारीक ठेवून. पण साहेब काही बारीक आवाजात होईना. एक प्रश्न निसटला. "टेल मी अबाउट युवरसेल्फ!"

जाळीतून आवाज वर आला. "गुड इव्हनिंग, सर. आय ॲम रिटायर्ड फ्रॉम केमिकल लाइन."

मी पळून जायला हवं होतं. पण खालचा आवाज थरथरत होता, आणि ती थरथर माझ्या ओळखीची होती. आजवर ती नेहमी माझ्या बाजूला असायची. मी जाळीकडे वळले आणि विचारलं, "युवर एक्स्पीरियन्स?"

"थर्टी-फोर इयर्स, सर. नो मेमो."

"व्हाय शुड वी सिलेक्ट यू?"

खाली नळ बंद झाला. मग काका म्हणाले, "सन इज इन मस्कत, सर. नो लायबिलिटी."

मी तीन दिवस काकांची मुलाखत घेतली. हे कबूल करायला हवं. माणसाशी बोलताना घसा मोकळा राहतो म्हणजे कसं वाटतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि मला ते सोडवेना. गाइडातले प्रश्न संपले तसे मी माझे विचारू लागले. जेवण कोण करतं? सकाळी किती वाजता उठता? ते सगळं खरंखरं सांगायचे.

चौथ्या दिवशी त्यांच्या बाथरूममध्ये गर्दी होती. मला वरून कुजबुज ऐकू येत होती. "पाण्याची वेळ वाढवून द्या म्हणावं." "पहिल्यांदा लिफ्टचं विचारा ना!" मग काकांनी घसा साफ केला. "सर, वन ओल्ड लेडी इज हिअर. शी इज आस्किंग, हर मिस्टर देअर इज ओके ऑर नॉट?"

आजी होत्या. पहिल्या मजल्यावरून, दुखरे गुडघे घेऊन दोन जिने चढून आल्या होत्या. गाइडात याचं उत्तर नव्हतं. "ओके" एवढा एक शब्द म्हणणं अगदी सोपं होतं, आणि तो मला म्हणता येईना. मी जाळीशी तशीच बसून राहिले. एक मिनिट गेलं असेल.

मग आजींचा आवाज आला, एकदम ठाम. "तेच आसत. जन्मभर काय इचारला तरी असेच गप ऱ्हवायचे."

मी चपला हातात घेऊन, आवाज न करता जिना उतरले.

त्याच संध्याकाळी आईकडून दुसरी गोष्ट कळली. काकांच्या मुलाने मस्कतचं तिकीट पाठवलं होतं, तीन महिने राहायला या म्हणून. काकांनी फोन करून 'इतक्यात जमणार नाही' असं कळवलं होतं. "म्हणतात, इथे एका ठिकाणी नाव पुढे गेलंय. बॅग भरून ठेवलीये बाई त्यांनी! माकडटोपी, बीपीच्या गोळ्या आणि सर्टिफिकेटांच्या दोन-दोन झेरॉक्स, अटेस्टेड."

अटेस्टेड. परग्रहावरून कुणी आलं तरी ते मूळ प्रत मागणार नाहीत, पण झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का बघतील, अशी काकांची खात्री होती. मला त्या रात्री हसूही आलं आणि जेवणही गेलं नाही.

रविवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये सोसायटीची सभा होती. मुलाखत दुसऱ्या दिवशी. सेक्रेटरींनी पेंटिंग, गळती, थकलेला मेन्टेनन्स असे विषय संपवले आणि वाचलं, "मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचा विषय: आवाज." ठराव असा, की जागेला नारळाचा मान द्यावा आणि गच्चीला कुलूप लावावं. काका विरोधात होते. "कुलूप लावलं तर ते उतरणार कुठे?"

मी उभी राहिले. प्लास्टिकची खुर्ची मागे पडली, त्यामुळे सगळ्यांनी पाहिलं.

"तो आवाज माझा आहे."

आधी कुणाला खरंच वाटेना की मी बोलले. मग हशा पिकला.

"बस बाळा, घाबरलीयस तू," सेक्रेटरी म्हणाले.

"काही खाल्लं नाहीये तिने सकाळपासून," आई म्हणाली.

"बेटा, तुझं इंग्रजी चांगलं असेल," काका समजुतीने म्हणाले, "पण त्या आवाजात एक अधिकार आहे."

"बोलून दाखव की मग!" मागून कुणीतरी म्हणालं. मी बोलून दाखवलं. डक्ट नव्हता, चार मजल्यांची पोकळी नव्हती. "व्हॉट आर युवर वीकनेसेस" हे मांजराच्या पिल्लाने विचारल्यासारखं आलं. आता तर लोक डोळे पुसून हसायला लागले.

मला राग आला. मी काकांकडे वळून म्हणाले, "थर्टी-फोर इयर्स, नो मेमो. सकाळी पाचला उठता, दूध दोन पिशव्या घेता, एक नासते. नो लायबिलिटी म्हणालात. कोणी विचारलं होतं तुम्हाला? मीच ना?"

आता कुणी हसलं नाही. काकांचा चेहरा उतरला. मला वाटलं, पटलं.

"दुधाचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं," काका हळूच म्हणाले. "फक्त त्यांना." त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले. "हिच्या तोंडून बोलतायत."

"चेडवाच्या अंगात इलो!" म्हणत, माझ्याकडे बोट दाखवत आजी उठल्या, आणि मला काही कळायच्या आत त्यांनी कमरेच्या पिशवीतून काढलेला अंगारा माझ्या कपाळाला फासला गेला. जागेसाठी आणलेला नारळ माझ्यावरून उतरवला जाऊ लागला. मी अंगाऱ्याखालून म्हणाले, "आजी, परवा डक्टमध्येही मीच होते."

"बोललंस ती तू असशीत," आजी नारळ न थांबवता म्हणाल्या. "गप ऱ्हवले, ते आमचेच."

मी जितकं खरं सांगत होते तितकं भूत पक्कं होत होतं. सभेतले चाळीस जण माझ्या तोंडाकडे बघत होते. आजवर इतक्या लोकांनी माझ्या बोलण्याची वाट कधीच पाहिली नव्हती. काका हात जोडून सगळ्यांत पुढे होते.

मग मी पोटातून आवाज काढला. टाकीमागचा, जाडजूड. पार्किंगच्या खांबांना तो चांगला लागला.

"मिस्टर, युवर ॲप्लिकेशन इज रिजेक्टेड. गो टु मस्कत. युवर सन इज वेटिंग."

काकांनी जोडलेले हात खाली घेतले. मग मान खाली घालून म्हणाले, "येस, सर." त्यांना वाईट वाटलं, हे दिसत होतं. ते त्याच महिन्यात मस्कतला गेले.

दुसऱ्या दिवशी महाप्याला तीन साहेब होते. माझा आवाज बारीक आला, मधे एकदा फुटलाही, पण थांबला नाही. आदल्या दिवशी चाळीस जणांपुढे खरं बोलून झालं होतं, खोटंही बोलून झालं होतं. या तिघांना तर फक्त माझा टायपिंग स्पीड हवा होता. दहा दिवसांनी पत्र आलं. पुण्याच्या स्थळाला आईने परीक्षेचं निमित्त सांगून नाही कळवलं. नारळ फळला, यावर बिल्डिंगीत एकमत झालं.

एक तारखेला मी कामावर रुजू झाले. संध्याकाळी परत आले तेव्हा आमच्या दारात चपलांचे पाच जोड होते. आत पलीकडच्या बिल्डिंगीतल्या बायका बसल्या होत्या, प्रत्येकीच्या पदराखाली नारळ. मी आईकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"आत्ताच आलीये कामावरून," ती त्यांना म्हणाली. "आधी चहा घेऊ दे तिला. मग एकेकीने विचारा. आणि जरा सोप्पं विचारा हं."