आईसाठी बनवलेली ट्रॉली

खुब्याच्या ऑपरेशननंतर आई वॉकर धरून घरात हिंडू लागली, आणि दवाखान्यात कुणीच न सांगितलेली एक अडचण समोर आली. वॉकरला दोन्ही हात लागतात. मग स्वयंपाकघरातून खोलीत चहाचा कप न्यायचा कसा? मी दिवसभर बँकेत, कामवाली सकाळीच आटपून जाते आणि बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. आई ओट्याशी उभी राहून चहा पिऊन टाकायची. मला ते बघवत नसे.

इलेक्ट्रॉनिक्स शिकून मी बँकेत चिकटले होते. शिकलेलं सगळं गंजलं होतं, तरी म्हटलं, करून बघू. घरात चहाची जुनी ट्रॉली पडली होती. तिच्या मागच्या चाकांना मोटारी लावल्या आणि खालच्या कप्प्यात तळहातावर मावेल एवढा छोटा संगणक बसवला. गुडघ्याच्या उंचीवर कॅमेरा, आणि समोरचं अंतर आवाजाच्या लहरींनी मोजणारे दोन सेन्सर. वाट कळावी म्हणून भिंतींवर काळ्यापांढऱ्या चौकटींचे कागद चिकटवले. कॅमेऱ्याला कागद दिसला की ट्रॉलीला आपण कुठे आहोत ते कळायचं.

"देवाजवळ नको चिकटवू ते," आई म्हणाली. "आणि हे करून काय राहिली तू? रविवारी जरा पडत जा ना."

सुरुवातीला ट्रॉली जागची हललीच नाही. मोटारी सुरू झाल्या की संगणक बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. दोघांना एकच बॅटरी दिली होती आणि मोटारी सगळी ताकद ओढून घेत होत्या. बॅटऱ्या वेगळ्या केल्या तेव्हा ती चालली, आणि चालली ती थेट आईच्या अंगावर. भिंत दिसत होती, कपाट दिसत होतं, आई दिसत नव्हती. सुती लुगड्यावरून लहर नीट परतत नाही, हे मला वाचून कळलं.

"काहून गं, याला मीच दिसत नाही?" आई खाटेवर बसून हसायला लागली. ऑपरेशननंतर ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती. मी पुढच्या बाजूला स्पंजची पट्टी लावली आणि तिच्यामागे बटण. कशालाही टेकली की ट्रॉली थांबायची. त्यानंतर आई कप ट्रेवर ठेवायची, कडेचं बटण दाबायची आणि "चलो" म्हणायची. ट्रॉली पुढे, मागून वॉकर टेकत आई. ट्रॉली खाटेशी थांबायची आणि कप उचलला की आपली आपण वळून स्वयंपाकघरात जायची.

हिवाळ्यातली गोष्ट. दुपारी बँकेतून आईला फोन केला, तिनं उचलला नाही. थोड्या वेळानं पुन्हा केला, तरी नाही. शेजारच्या दीदींना केला, तिथेही नुसती घंटी. मग आठवलं, ट्रॉली मला मोबाइलवरून हलवता येते. मी तिला खोलीत जायला सांगितलं.

कॅमेऱ्याचं चित्र अडखळत येत होतं. फरशी, दाराची चौकट, भिंतीवरचा कागद. मग खोली. खाट रिकामी. रजई अर्धी जमिनीवर, आणि तिच्याजवळ वॉकर आडवा पडलेला. ट्रॉली त्याला टेकून थांबली. मी तिला वळवलं तर समोर न्हाणीघराचं बंद दार. त्यापुढे तिच्याच्यानं काही बघवेना, आणि माझ्याच्यानंही.

मॅनेजरसाहेबांना काय सांगितलं ते आठवत नाही. ते म्हणाले, "आप निकलिए, मैडम, यहाँ हम देख लेंगे." स्कूटी चालवताना मनात एकच होतं: ती न्हाणीघरात पडली असेल, हाक मारत असेल आणि कुणाला ऐकू जात नसेल. चौकात सिग्नल लाल होता. मागच्याचा हॉर्न वाजला तेव्हा तो हिरवा झाल्याचं कळलं.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. मी "आई!" म्हणून ओरडत न्हाणीघराकडे धावले. न्हाणीघर रिकामं. आणि मागच्या बाजूनं आवाज आला, "अगं, इकडे आहे मी! एवढ्यात कशी आली तू?"

शेजारच्या दीदींच्या अंगणात, उन्हात, आई खुर्चीवर बसली होती. मांडीवर परात, परातीत मटार. जवळच्या पनागर गावाहून आलेल्या शेंगांचं पोतं दोघी मिळून सोलत होत्या. वॉकर जवळ नव्हताच.

"फोन का नाही उचलला?"

"खोलीतच राहिला, उशीखाली."

"और मेरा चार्जिंग पर लगा है," दीदी अपराध्यासारख्या म्हणाल्या.

"आणि वॉकर? तो खाली पडलाय, आई!"

"तुझ्या गाडीनंच पाडला ना! मी भिंतीला टेकवून ठेवला होता, वळता वळता तिनं धक्का दिला. वाकायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलंय, मग उचलू कसा? खाटेवर किती वेळ बसून राहू? भिंत धरून उठली. दारापर्यंत आली तर म्हटलं, हे तर जमून राहिलं. मग दीदीला हाक मारली."

"हमने तो बस एक हाथ पकड़ा," दीदी म्हणाल्या. "आंटी खुद चलीं."

डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आता काठीवर चालायला हरकत नाही. पण आई घाबरत होती, आणि खरं म्हणजे तिच्याहून जास्त मी. मी अंगणातल्या फरशीवर बसले. रडू येत होतं आणि हसूही.

"काहून रडून राहिली, बेटा?" आईनं सोललेल्या दाण्यांची ओंजळ माझ्या हातात ओतली. "खा. गोड आहेत."

गोड होते. मी बँकेत फोन करून सांगितलं, सगळं ठीक आहे. हे शब्द तोंडातून निघाले तेव्हा कुठे मला ते खरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात काठी आणली. एक हात मोकळा झाला, तरी आई चहा ट्रॉलीवरूनच नेते. म्हणते, सवय झाली. त्या दुपारी मात्र मी बँकेत परत गेलेच नाही. दीदींकडेच आम्ही मटारची भाजी आणि पोळी जेवलो. घरी आल्यावर आईच्या खाटेवर जरा आडवी झाले, ती दिवे लागेपर्यंत गाढ झोपले. इतक्या महिन्यांत तिच्या श्वासाकडे कान न लावता मी पहिल्यांदाच झोपले होते.