उतारावरचं उघडं फाटक

ह्यांची दृष्टी हळूहळू गेली, तशी माझी श्रद्धाही हळूहळूच गेली. काचबिंदूचं निदान झालं तेव्हा मी नवस बोलले, उपास धरले. आमच्या कुलदैवताला, मल्हारीला, हात जोडून सांगितलं की या माणसाने जन्मभर किला गेटजवळच्या शाळेत मुलांना नकाशे वाचायला शिकवलं, निदान त्याचे डोळे तरी नेऊ नकोस. डोळे गेले. त्यानंतर मी देवघरापुढे बसायचं टाळू लागले. हे मात्र सकाळी आंघोळ करून, चाचपडत का होईना, देवांना फूल वाहत राहिले. मला कधी शेजारी बसायला सांगितलं नाही, आणि मी का बसत नाही हेही विचारलं नाही. इथे हिंदी मुलखात, दर्पण कॉलनीतल्या आमच्या त्या लहानशा घरात देव एकट्या ह्यांचा होऊन राहिला.

हे शाळेत कायम सायकलने जायचे. दिसेनासं झाल्यावर वाचनाची चुटपुट त्यांनी बोलून दाखवली, पण खरं दुःख सायकलचं होतं. आमची मीनल नोकरीसाठी इटलीत असते. ती सुट्टीवर आली तेव्हा तिने टँडमची गोष्ट काढली. टँडम म्हणजे दोघांची सायकल, एकाच सांगाड्यावर एकामागे एक दोन सीट आणि पेडलांच्या दोन जोड्या. हँडल आणि ब्रेक मात्र पुढच्याच्या हातात. शहराच्या लष्कर भागातल्या एका कारागिराकडून तिने दोन जुन्या सायकली जोडून घेतल्या. पुढे बसणार कोण, हा प्रश्नच नव्हता. कॉलेज सुटल्यापासून मी सायकलला हात लावला नव्हता, तरी मीच बसले. पहिल्या दिवशी कॉलनीच्या वळणावर दोघंही पडलो. उठून कपडे झटकत हे म्हणाले की रस्ता तरी ओळखीचाच आहे, पुन्हा बसू.

मग रोज पहाटे बाहेर पडू लागलो. किला गेटपाशी चहावाले हसून म्हणायचे, "आंटीजी, अंकल तो पीछे आराम फरमा रहे हैं!" त्यावर हे सगळ्यांत मोठ्याने हसायचे आणि मागून असा जोर लावायचे की सायकल पुढे उडी घ्यायची. हिवाळा सरता सरता आम्ही उरवाई गेटचा चढ न थांबता चढून आमच्या शहरातल्या किल्ल्यावर गेलो. ते ऐकून मीनलने फोनवरच ठरवून टाकलं. "आई, आता तुम्ही दोघं इकडे या. उंब्रियाच्या डोंगरांतून फिरू. तू टेन्शन नको घेऊ, सब हो जाएगा." तिला आणि तिच्या बाबांना काळजी कसली ती ठाऊकच नव्हती. मला मात्र झोपेतही एकच विचार यायचा. माझ्या हातून ह्यांना काही झालं, तर रागवायला आता माझ्याकडे देवसुद्धा उरला नव्हता.

तरी गेलो. ऑक्टोबर होता. मध्य इटलीतला हा उंब्रिया प्रांत म्हणजे टेकड्याच टेकड्या, आणि जवळजवळ प्रत्येक टेकडीच्या डोक्यावर दगडी तटाने वेढलेलं एक गाव. उतारांवर ऑलिव्हच्या बागा, झाडांखाली फळं गोळा करायला पसरलेल्या जाळ्या. मीनल तिच्या सायकलवर पुढे असायची, आम्ही भाड्याने घेतलेल्या टँडमवर तिच्या मागे. चढ असा की बोलायला श्वास उरत नसे, तरी हे मागून विचारत राहायचे, काय दिसतंय? मला वर्णन जमत नाही. एका गावाच्या वेशीशी मी सांगितलं की आपल्या किल्ल्यासारखंच आहे, फक्त इथे आतमध्ये अजून माणसं राहतात, खिडक्यांत कपडे वाळतायत आणि कुणीतरी कांदा परततंय. ह्यांना ते फार आवडलं. म्हणाले, एवढं पुरे, आता मला पूर्ण गाव दिसलं. शाळकरी मुलीसारखी मी त्या शाबासकीवर पुढचा चढ चढले.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी, दुपार कलत असताना, आम्हाला एक लांब उतार लागला. मीनल आधीच खाली पोहोचून पुलापाशी थांबली होती. दोघांचं वजन, वर पिशव्या, आणि रस्ता सारखा वळणारा. मी ब्रेक दाबून धरले होते. जळल्यासारखा वास आला तेव्हा मला वाटलं की शेतात कुणी पाला पेटवला असेल. मग मागचा ब्रेक हँडलला येऊन टेकला आणि हातात काहीच लागेना. पुढचा दाबला तर सायकल थरथरून हेलकावली. तो जोरात दाबायची हिंमत होईना. वेग वाढत गेला. उजवीकडे दगडी बांध, डावीकडे दरी, आणि समोरचं वळण मला घेता येणार नाही हे मला वळणाच्या कितीतरी आधी कळलं.

मी ह्यांना सांगितलं. "अहो, ब्रेक गेलेत. अजिबात हलू नका."

टँडमवर मागचा माणूस नुसता कलला तरी पुढच्याच्या हातातलं हँडल वळतं. ज्याला काही दिसत नाही, कानांवर नुसता वारा आदळतोय आणि पुढून बायको हे सांगतेय, अशा माणसाने काय करावं? काहीतरी घट्ट धरावं, पाय टेकायला जावं, निदान ओरडावं. ह्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. मागचं अंग इतकं स्थिर झालं की क्षणभर मला वाटलं, मागे कुणी नाहीच. माझ्या तोंडून मात्र एवढ्या वर्षांनी "मल्हारी" असं निघालं. ती प्रार्थना होती असं मी म्हणणार नाही. पडताना माणूस जे हाताला लागेल ते धरतो, तसं ते नाव जिभेला लागलं.

आणि वळणाच्या अलीकडे, उजव्या हाताच्या बांधात, एक लोखंडी फाटक मला उघडताना दिसलं. एक म्हातारी बाई ते आत ढकलत होती. फाटकातून एक कच्ची वाट सरळ वर बागेत जात होती. मी हँडल वळवलं. बाई बाजूला झाली. आम्ही तिच्या शेजारून आत शिरलो, चाकं खडीत रुतत गेली, चढाने वेग खाल्ला, आणि एका ऑलिव्हच्या झाडाखालच्या जाळीत सायकल अलगद आडवी झाली. माझं कोपर खरचटलं. ह्यांना काही झालं नाही. हे जाळीत बसूनच विचारत होते, "थांबलो का गं?"

त्या बाईंचं नाव रोझाना. त्यांना आमची भाषा येत नव्हती आणि आम्हाला त्यांची. मीनल येईपर्यंत त्यांनी आम्हाला अंगणात बसवलं, माझं कोपर धुतलं, पाणी दिलं. ह्यांचा हात पेल्याच्या बाजूने हवेत फिरला तेव्हा त्यांना कळलं. मग ह्यांचा हात धरून त्यांनी तो पेल्यावर ठेवला, आणि पाणी पिऊन झाल्यावर ह्यांना उठवून घराची जुनी भिंत, पावाची भट्टी, झाडाचं पिळवटलेलं खोड असं एकेक हाताने दाखवत राहिल्या. परक्या घरात हे इतके मोकळे झालेले मी त्यापूर्वी पाहिले नव्हते.

मीनल आल्यावर बोलणं झालं. फाटक दिवसभर साखळी घालून बंद असतं, नाहीतर रानडुकरं बागेत शिरतात. त्या डॉक्टरकडे निघाल्या होत्या, बऱ्याच पुढे गेल्या होत्या, पण चष्मा घरी राहिल्याचं लक्षात आलं म्हणून परत आल्या आणि गाडी वळणापलीकडे उभी करून फाटक उघडत होत्या. चष्म्याचं सांगताना त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं आणि त्या संकोचल्या. मीनलने त्याचं भाषांतर केलं तेव्हा हे हसले. मी हसले नाही. मी त्या फाटकाकडे पाहत होते. यातलं काय योगायोग आणि काय कृपा, हे मी तेव्हाही ठरवलं नाही आणि आजही ठरवत नाही. फाटक उघडलं, एवढं मला माहीत आहे.

निघताना रोझानाबाईंनी मीनलमार्फत ह्यांना विचारलं, काही दिसत नसताना तुम्ही मागे स्वस्थ बसलात कसे, भीती नाही वाटली?

"वाटली ना," हे म्हणाले. "पण पुढे ही होती."

माझ्या आयुष्यात मला बक्षिसं फारशी मिळाली नाहीत. हे एक मिळालं, आणि ते मी आजही मिरवते. त्या संध्याकाळी मुक्कामावर मी ह्यांना विचारलं की इतकं सगळं गेल्यावरही तुम्ही रोज देवाला फूल कसं वाहता. हे म्हणाले की सायकलवर तुझ्या मागे बसतो तसंच ते आहे. रस्ता मला दिसत नाही, पण चढावर जोर माझाच लागतो. मागे बसलो म्हणजे पाय सोडले असं होत नाही. समर्पण म्हणजे हात टेकणं, हरणं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. त्या उतारावर हलू नका म्हटल्यावर न हलण्यासाठी ह्यांना जे बळ लागलं असेल, त्याच्यापुढे माझं हँडल धरणं काहीच नव्हतं.

मीनलचं म्हणणं होतं की आता सायकल परत करू आणि पुढचा प्रवास बसने करू. मी नको म्हटलं. माझं मलाच नवल वाटलं. ब्रेक नवीन बसवून घेतले, उतारावर थांबत थांबत जायचं, चाकं गार होऊ द्यायची हे शिकून घेतलं, आणि एक दिवस विश्रांती घेऊन आम्ही शेवटच्या गावाला निघालो. तो चढ सगळ्यांत खडा होता. अर्ध्यावर माझे पाय भरून आले, तेव्हा मागून जोर आला. त्यांचा दम लागला तेव्हा मी लावला. तटाच्या दरवाजातून आत शिरलो तर चौकात बाकावर म्हातारे बसलेले. मीनलने त्यांना काय सांगितलं माहीत नाही, पण ते एकेक करून उठले आणि त्यांनी मानाने टोप्या काढल्या. मी मान ताठ ठेवली. ह्यांना सगळं सांगितलं, टोप्यांचे रंगसुद्धा.

हे म्हणाले, दरी कुठल्या बाजूला आहे? मी त्यांना खांदे धरून वळवलं. त्यांनी हात जोडले. मी शेजारी उभी राहिले आणि कुणी न सांगता मीही जोडले. खाली ऊन पसरलं होतं, बागांतून माणसं फळं झोडत होती, त्याचा आवाज वरपर्यंत येत होता. ह्यांनी तो ऐकला आणि विचारलं, काय दिसतंय?

मी सांगायला सुरुवात केली.